आर्डेनने एकदाच विचारलं

आमच्या स्कोगदालच्या खोऱ्यात कुणाच्या घरी गेलं आणि त्यांनी कॉफी विचारली, की आधी नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारली, तर 'उगाच त्रास घेऊ नका' म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारली की 'बरं, अर्धा कप' म्हणायचं आणि मग पोटभर प्यायची. आमचे आजे-पणजे नॉर्वेहून येताना ट्रंकांतून काय काय घेऊन आले ते आता कुणाला आठवत नाही, पण ही रीत मात्र आली, आणि विस्कॉन्सिनच्या थंडीत जास्तच घट्ट झाली. एकदा आमच्या चर्चला टेक्सासकडचे नवे पाद्री आले. त्यांच्या घरी आमचं बायकांचं मंडळ जमलं. पाद्रीणबाईंनी विचारलं, "कॉफी घेणार का?" आम्ही सगळ्या एका सुरात म्हणालो, "नको, नको." बाई म्हणाल्या, "बरं," आणि भरलेली किटली उचलून आत घेऊन गेल्या! कोरड्या घशाने स्तोत्रं म्हणून आम्ही घरी आलो. पुढे वर्षभर आम्हाला बोलायला तेवढंच पुरलं.

हे आधी सांगितलं, कारण त्याशिवाय आर्डेनचं दुःख कुणाला कळायचं नाही.

आर्डेन बाकुम माझ्या बहिणीचा मुलगा. लहानपणी ताडमाड वाढला, पण गोठ्याच्या कामाचा नाही. तो धारेला बसला की गाय त्याला बघूनच दूध चोरायची. माझा मेहुणा म्हणाला, "याला शिकायला पाठवा, निदान गुरं तरी सुखाने राहतील." म्हणून तो मॅडिसनला जाऊन वकील झाला. आम्हाला वाटलं, आता कुठला परत येतोय! पण आला, आणि धान्याच्या गिरणीशेजारी दोन खोल्यांत कचेरी मांडून बसला. कुणाचं मृत्युपत्र, कुणाच्या कुंपणाचं भांडण, कुणाचा काडीमोड. आवाज कधी चढवला नाही. समोरचा पक्ष रडायला लागला तर त्यालाही रुमाल द्यायचा.

याशिवाय कोर्ट त्याला एक काम द्यायचं. माणूस म्हातारा होतो, विसरायला लागतो, मग घरचे अर्ज करतात की याचा कारभार आमच्या हाती द्या. अशा वेळी कोर्ट एक वकील नेमतं. तो घरच्यांचा नसतो आणि त्या म्हाताऱ्या माणसाचाही नसतो. कागदावर त्याला 'दाव्यापुरता पालक' म्हणतात. दावा संपला की पालकपण संपलं. त्याने त्या माणसाच्या घरी जाऊन समजेल असं सांगायचं, की तुमच्यावर असा असा अर्ज आलाय, तुम्ही विरोध करू शकता, कोर्टात येऊ शकता, स्वतःचा वेगळा वकील मागू शकता. मग दोन गोष्टी कोर्टाला कळवायच्या. या माणसाला काय हवंय, आणि याचं भलं कशात आहे.

आर्डेन मला म्हणायचा, "मावशी, दुसरी गोष्ट मी बघून सांगू शकतो. पहिली मात्र विचारावीच लागते."

त्या कामाची त्याला माया होती. दारात बूट काढायचा, कुत्र्याला आधी नमस्कार करायचा आणि मग माणसाला. म्हातारी माणसं त्याच्यावर खूष असायची. त्यातूनच बोर्घिल्ड लिएनचं प्रकरण त्याच्याकडे आलं.

बोर्घिल्ड माझी समोरची शेजारीण. रस्त्याच्या अलीकडे मी, पलीकडे चढावर ती. नवरा सेल्मर गेल्यावर तिने गाई विकल्या, कोंबड्या ठेवल्या. बटाट्याच्या पातळ पोळ्या, लेफ्सा म्हणतो आम्ही त्यांना, त्या तिच्यासारख्या अख्ख्या खोऱ्यात कुणी लाटल्या नाहीत. उजेडात धरली तर आरपार टेकडी दिसावी. कोंबड्यांना तिने आमच्या मंडळातल्या बायकांची नावं ठेवली होती. माझ्या नावाची कुठली ते काही केल्या सांगायची नाही. "टिली, तुला राग येईल," म्हणायची. माझा संशय त्या लंगडीवर होता.

मग ती विसरायला लागली. आधी नावं, मग चुलीवरचं भांडं. एका नोव्हेंबरात रस्त्यावरचा बर्फ काढणाऱ्या माणसाला ती पहाटे दिसली. पायात घरातल्या सपाता, हातात दुधाची बादली, आणि चालली होती गोठ्याकडे. गोठ्यात गाय नव्हती, किती वर्षं झाली होती. त्याने तिला गाडीत घेऊन घरी आणून सोडलं. त्याला ती म्हणाली म्हणे, "आलास तर कॉफी घेऊन जा."

तिचा मुलगा डेल मिनिआपोलिसला. मुलगा वाईट नव्हे. घाबरला. आईचा कारभार माझ्याकडे द्यावा आणि तिला गावातल्या वृद्धाश्रमात ठेवावं, असा अर्ज त्याने केला. त्या हिवाळ्यात मी इथे नव्हते. कंबर मोडून आयोवाला लेकीच्या घरी पडले होते. त्यामुळे पुढचं मी आर्डेनच्या तोंडून ऐकलंय. एकदा नाही, इतक्यांदा, की आता मीच तिथे होते असं वाटतं.

आर्डेन गेला तेव्हा तिची चूल विझलेली, भांडी घासून पालथी घातलेली. स्वयंपाकघराच्या मेजाशी दोघं बसली.

"कॉफी टाकते," बोर्घिल्ड म्हणाली.

"नको काकू, आत्ताच घेऊन आलो."

"अरे, टाकलेलीच आहे म्हण की."

"नको, उगाच तुम्हाला उठायला लागेल."

"थंडीतनं आलायस. एक कप तरी."

"बरं, अर्धा द्या."

अर्ध्याचे तीन झाले. वेलदोड्याची बिस्किटं झाली. त्याच्या आईची विचारपूस झाली, तीही दोनदा, कारण पहिली ती विसरली. मग आर्डेनने पिशवीतून कागद काढले, आणि कागद काढताना त्याचा आवाजही बदलला असणार. मॅडिसनला शिकून आलेला तो आवाज मला माहीत आहे.

"काकू, डेलने कोर्टात अर्ज केलाय. तुमचा कारभार त्याने बघावा आणि तुम्ही वृद्धाश्रमात राहायला जावं, असं त्याचं म्हणणं आहे. समजतंय ना?"

"समजतंय की. डेल फार चांगला मुलगा आहे."

"तुमचा याला विरोध आहे का?"

"नाही रे बाबा. माझ्यामुळे सगळ्यांना त्रास कशाला?"

"तुमच्यासाठी वेगळा वकील नेमायला सांगू?"

"छे छे! वकिलांना काय कमी कामं असतात?"

"कोर्टात यायचंय? गाडीची सोय होते."

"एवढ्या बर्फात माझ्यासाठी गाडी? नको, नको."

आर्डेनने तसं लिहून घेतलं. बाहेर बर्फ धरायला लागला होता आणि त्याला नदीपलीकडे आणखी एका म्हाताऱ्याला भेटायचं होतं. बोर्घिल्डने त्याला अंडी बांधून दिली. तो नको म्हणाला, तिने पुन्हा पुढे केली, तो पुन्हा नको म्हणाला, मग घेतली. गाडी चढावरून खाली उतरेपर्यंत ती दारात उभी होती. आरशात दिसत होती. तो म्हणतो, "मावशी, तेव्हा वाटलं, निरोप देतेय. ती पुढच्या प्रश्नाची वाट बघत होती."

तिने घरी राहायचंय म्हटलं असतं तर आर्डेनच्या मनात सगळं तयार होतं. सकाळी सरकारी नर्स, दुपारी चर्चच्या बायका आळीपाळीने, आणि जाता-येता बर्फवाला डोकावला असता. आमचे जजसाहेब अशी जुळवाजुळव मान्य करत. करून बघा म्हणत, नाही जमलं तर पुढे बघू. पण त्यासाठी माणसाला घरी राहायचंय, हे कुणीतरी कोर्टात सांगायला लागतं. आर्डेनच्या अहवालात लिहिलं होतं, हरकत नाही. वकील नको. यायचं नाही. जजसाहेबांनी डेलला पालक नेमलं आणि पुढचं प्रकरण हाती घेतलं. नाताळच्या आधी बोर्घिल्ड वृद्धाश्रमात गेली.

मी काठी टेकत परत आले तेव्हा वसंत लागला होता आणि तिच्या अंगणात लिलाव चालू होता. वृद्धाश्रमाचा खर्च भागवायला डेलने कोर्टाच्या परवानगीने घर विकायला काढलं होतं. तिच्या आजीची फुलं रंगवलेली पेटी गवतावर, सेल्मरचे बूट एका खोक्यात, कोंबड्या खुराड्यासकट कुणी नेलेल्या. मी तिचं लेफ्सांचं लाटणं घेतलं. घर इलिनॉयच्या लोकांनी घेतलं, हरणांच्या शिकारीसाठी, वर्षातून चार-दोन वेळा येऊन राहायला.

मी तिला भेटायला जायचे. विचारलं की म्हणायची, "छान आहे गं. खूप चांगली माणसं आहेत. खूप कामात असतात." आमच्याकडे सगळ्यालाच 'छान आहे' म्हणतात, पाय तुटला तरी. आणि लिलाव होऊन गेल्यावर मी तरी काय खोदून विचारणार!

असं माणसाला वृद्धाश्रमात ठेवलं, की दरवर्षी कोर्ट पुन्हा दाव्यापुरता पालक पाठवतं. अजून तिथे ठेवायची गरज आहे का, माणसाचं काय म्हणणं आहे, ते बघायला. वर्ष सरल्यावर पुन्हा आर्डेनचंच नाव निघालं. तो मला म्हणाला, "मावशी, चल. तू असलीस की ती मोकळं बोलेल." मी तिच्याच लाटण्याने लेफ्सा लाटल्या, लोणी-साखर लावून गुंडाळल्या आणि निघाले.

बोर्घिल्डची खोली नीटनेटकी होती. खिडकीतून गाड्या उभ्या करायची जागा दिसायची. आम्ही बसलो आणि ती कावरीबावरी झाली. इकडे बघ, तिकडे बघ. माझ्या लक्षात आलं. पाहुणे आलेत आणि द्यायला काही नाही. तिथे कॉफी ढकलगाडीवरून यायची, जेवणानंतर, झाकणाच्या कपात. आपल्या हाताने कुणाला ओतून द्यायची सोयच नव्हती.

आर्डेनने पिशवीतून थर्मास काढला. "काकू, कॉफी?"

"नको रे."

"गरम आहे."

"तुमच्या दोघांसाठी आणलीय. तुम्ही घ्या."

"एक घोट तरी."

"बरं," ती म्हणाली, "अर्धा कप."

आर्डेन ओतत होता आणि ओतता ओतता त्याचा हात थांबला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. पोरगा पांढरा पडला. थर्मास खाली ठेवला, कागदांची पिशवी पायाने खुर्चीखाली सरकवली आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"काकू, इथे बरं वाटतं?"

"छान आहे."

"घरी जावंसं वाटत नाही?"

"नाही रे. कशाला?"

मग त्याने पुन्हा विचारलं, हळू. "घरी राहायला आवडलं असतं का, काकू?"

"सगळ्यांना त्रास होतो."

"आणि कुणालाच त्रास होणार नसेल तर?"

बोर्घिल्डने कप दोन्ही हातांत धरला. "त्रास होणार नसेल," ती म्हणाली, "तर मला घरीच राहायचं होतं. आता अंधार लवकर पडतो. कोंबड्यांचं दार लावायला हवं."

डेलने तिला घर विकल्याचं सांगितलं होतं. ती विसरली होती. आम्हा दोघांपैकी कुणाची तिला आठवण करून द्यायची छाती झाली नाही.

"काकू," आर्डेन म्हणाला, "हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

ती त्याच्याकडे नवलाने बघायला लागली. "अरे, तू एकदाच विचारलंस."

त्यात राग नव्हता. कुणी साखर एकदाच विचारली, म्हणून बिनसाखरेची प्यायले, असं सांगावं तसं तिने सांगितलं. आणि त्याला म्हणाली, "लेफ्सा घे. कुणी लाटल्यात? जाड आहेत."

गाडीत आर्डेन रडला. एवढा मोठा बाप्या, स्टिअरिंगवर डोकं ठेवून. "मावशी, त्याच मेजाशी तिने मला कॉफी तीनदा विचारली. मी तीनदा उत्तर दिलं. आणि मग तिचं घर मी एकदाच विचारलं."

"तू कोर्टाचे प्रश्न विचारत होतास," मी म्हणाले.

"तेच तर. मला वाटलं, कॉफी आपली आणि प्रश्न कोर्टाचे. ती दोन्हीला आपल्याच रीतीने उत्तर देत होती."

बाहेरचा कुणी वकील असता तर मी म्हटलं असतं, त्याला काय माहीत! पण हा इथलाच. याच्या आईने याला शेजाऱ्यांकडे पाठवताना बजावलेलं, पहिल्यांदा हात पुढे केलास तर बघ!

तो जजसाहेबांकडे गेला. अहवालात त्याने सगळं लिहिलं, स्वतःची चूकसुद्धा. जजसाहेबांनी प्रकरण पुन्हा उघडलं. पण घर परत कुठून आणणार? मी म्हणाले, माझ्याकडे राहू दे तिला. माझी कंबर सुधारलीय, दोन खोल्या रिकाम्या आहेत. डेलही तयार झाला. आर्डेन आणि मी दोघं तिला विचारायला गेलो. ती नको म्हणाली. आम्ही थांबलो आणि पुन्हा विचारलं. नको. तिसऱ्यांदा मी तिचा हात हातात घेतला. ती म्हणाली, "टिली, तुझ्या खिडकीतनं माझं घर दिसतं गं."

त्या दिवशी तिला सगळं आठवत होतं. ते नको खरंच नको होतं, आणि आम्हा दोघांना ते कळलं.

आर्डेनने कोर्टाकडून एवढं मात्र मिळवलं, की तिच्या खोलीत तिची स्वतःची किटली असावी. आश्रमवाले म्हणत होते, भाजेल. आर्डेन म्हणाला, मग जवळ उभे राहा. त्यानंतर बोर्घिल्ड येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला कॉफी विचारायची. बिचाऱ्या नर्सना तीनदा नको म्हणायलाही सवड नसायची, त्या पहिल्यांदाच हो म्हणून उभ्या उभ्या प्यायच्या. बोर्घिल्ड मला कानात सांगायची, "मुली चांगल्या आहेत, पण वळण नाही."

आर्डेन पुढेही ते काम करत राहिला. प्रत्येक ठिकाणी थर्मास घेऊन जायचा, कागद नंतर काढायचा, आणि प्रत्येक प्रश्न तीन वेळा, वेगवेगळ्या बाजूने विचारायचा. बाकी वकील दिवसात जेवढ्या माणसांना भेटायचे, तेवढी त्याला आठवड्यात व्हायची. जजसाहेब एकदा भर कोर्टात म्हणाले, "बाकुम, तुमचा अहवाल येईपर्यंत आम्हीच अर्जाच्या वयाचे होऊ." शिकागोहून येऊन राहिलेला एक जुना प्लंबर तर त्याच्यावर ओरडला, "नको म्हटलं की नको! वकीलसाहेब, कान तपासून घ्या." आर्डेन हसला आणि त्याने लिहून घेतलं. त्या माणसाचं एकदाच पुरे होतं. पण अशी एक म्हातारी निघाली, जी तिसऱ्या वेळेला म्हणाली, मला माझ्या बहिणीजवळ राहायचंय, आणि राहिली. दुसरा एकजण निघाला, ज्याला स्वतःचा वकील हवा होता. कुणी आर्डेनचं कौतुक केलं की तो उठून खिडकीपाशी जायचा.

बोर्घिल्ड दोन हिवाळे आणखी काढून गेली. चर्चच्या तळघरात तिच्यामागचं जेवण होतं. हॅमचे पाव, बटाटे, आणि लेफ्सा मी लाटलेल्या, जाड. डेल आर्डेनपाशी आला आणि त्याचा हात हातात घेऊन म्हणाला, "तुमचे उपकार आहेत. आई स्वतःच तयार होती, तुम्हाला तसं म्हणाली होती, याचा मला फार आधार वाटतो."

पुढे जे झालं होतं ते डेलला कागदावरून ठाऊक असणार, पण माणूस आपल्याला हवं तेवढंच धरून ठेवतो. आर्डेनने मान हलवून सोडून दिलं असतं तरी चाललं असतं. मला वाटत होतं, सोडून दे रे बाबा, आज नको.

आर्डेन म्हणाला, "डेल, मी तिला एकदाच विचारलं होतं."

डेल तिकडचा झाला असला तरी जन्माचा आमचाच. त्याला कळलं. त्याने हातातली बशी मेजावर ठेवली. "मी तर," तो म्हणाला, "तेवढंही नाही विचारलं."

मी किटली घेऊन जवळ गेले, पण विचारायचं धाडस झालं नाही. नुसतीच दोघांच्या कपात ओतली.

आर्डेनने आता कचेरी बंद केलीय. डोकं पांढरं झालंय. रविवारी चर्च झालं की माझ्याकडे येतो. मी विचारते, "कॉफी?" आणि तो म्हणतो, "हो." पहिल्यांदाच! कुणाकडेही गेला तरी तसंच. मंडळातल्या बाया म्हणतात, टिली, तुझा भाचा म्हातारपणी उद्धट झाला गं, लाज सोडली. मला त्याचं कारण ठाऊक आहे. पण इतक्या वर्षांची सवय मला, दोनदा विचारायचं शिल्लक राहतं. किटली घेऊन क्षणभर तशीच उभी राहते. समोर खिडकीतून बोर्घिल्डचं घर दिसतं, शिकारीचा मोसम नसला तर बंद. मग मी त्याच्या कपात ओतते, काठोकाठ, आणि तो पितो.